गेटाबाहेरची मॅच

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहून फुटबॉलचं वेड न लागलेला माणूस सापडणं कठीण. आकाराम तसला एकमेव नमुना. संध्याकाळी दूध कट्ट्यावर दोन म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात देता देता हॉकीचं पुराण लावायचं. तेही विद्यापीठाच्या पोरींच्या हॉकीचं. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, नाव घेतलं की त्याचं डोकं फिरतं, आणि खरं सांगायचं तर आमचंही.

वेड लागलं ते म्हशीपायी. चुकलेली म्हैस हुडकत आकाराम मैदानात शिरला, तिथं मॅच चालली होती, आणि गडी तिथंच बसला. म्हैस आपल्या पायानं घरी गेली, हा मॅच संपल्यावर गेला. पुढं त्यानं कट्ट्यावरचं एकेक टाळकं गॅलरीत नेऊन बसवलं. हलगी आली, आरोळ्या आल्या. जिंको वा हरो, मॅच झाली की पोरी कट्ट्यावर येऊन धारोष्ण दूध पिऊन जायच्या. जयसिंगपूरची गोलकीपर इरम पहिल्यांदा आली तेव्हा वास घेऊन नाक मुरडत होती. आकारामनं तिला पोटच्या पोरीसारखं झापून दूध प्यायला लावलं, आणि तेव्हापासून ती त्याला मामा म्हणू लागली.

मग क्रीडा विभागाला नवे संचालक आले, अमरसिंह सर. त्यांनी आधी हलगी बंद केली. मग दूध बंद केलं, कारण म्हणे बाहेरचं खाणंपिणं खेळाडूंना चालत नाही. मग निम्मी गॅलरी पाहुण्यांसाठी राखून ठेवली, आणि त्या खुर्च्यांवर कधी पाहुणे बसलेले कुणी पाहिले नाहीत. शेवटी कानावर आलं की पुढच्या वर्षापासून मॅचेस हायवेवरच्या नव्या संकुलात होणार, आणि तिथं बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. ज्या खेळाला कुत्रं विचारत नव्हतं त्याला माणसं मिळाली, आणि ह्यांना माणसांचाच त्रास व्हायला लागला! आकाराम भेटायला गेला की त्याला बाकावर बसवून ठेवायचे. एकदाच साहेबांनी जाता जाता तोंड उघडलं, ‘‘सीझन संपू दे, मग बघू.’’

कट्ट्यावर बैठक बसली. कोल्हापुरात सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, बंद. शटर खाली आलं की मंत्रीसुद्धा धावत येतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. आकाराम उभा राहिला.

‘‘शेवटच्या मॅचला गॅलरीत चिटपाखरू दिसलं न्हाय पायजे. मग बघा, त्यो सर हात जोडत येतोय का न्हाय.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सरांना रिकामी गॅलरीच हवी असेल तर काय, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती इरमचीही शेवटची मॅच होती, शिक्षण संपत आलं होतं. ते आठवून आकारामला गलबलून आलं, पण शब्द दिला तो दिला.

मॅचच्या दिवशी तो स्वतः गेटावर ठाण मांडून बसला. पोरंटोरं, पेन्शनर, सगळ्यांना त्यानं माघारी धाडलं. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस पिशवी सांभाळत आला.

‘‘पावणं, आज आत जायाचं न्हाय. बहिष्कार हाय.’’

‘‘मी इरमचा बाप, मीरासाब. जयसिंगपुरास्नं आलोय.’’

मीरासाब शिंपी होता. पोरीनं चार लोकांत पळावं, खेळावं हे त्याला कधी पटलं नव्हतं. बापलेकीचं यावरून खूप वाजलं होतं, आणि त्यानं तिचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. आज शेवटची मॅच म्हणून तो दुकान बंद करून, तिला न सांगता आला होता.

आकाराम बाजूला सरकणारच होता. पण झाडाखाली कट्ट्यावरची मंडळी बघत उभी होती. एकाला सोडलं की बहिष्कार मोडला.

‘‘मीरासाब, तुमच्याच पोरीसाठी चाललंय हे. आजच्या दिस दम धरा.’’

परकं गाव, एवढ्या माणसांचा शब्द. मीरासाब कठड्यावर बसला. आकारामही शेजारी बसला. आतून स्टिकांचे आवाज येत होते, शिट्ट्या येत होत्या. एकदा गोलच्या फळीवर धाडकन चेंडू आदळला आणि आकाराम ताडकन उठला. गोल कुणावर झाला ते कळायला मार्ग नव्हता.

‘‘गोलकीपरचं काम नेमकं काय असतंय?’’ मीरासाबनं विचारलं.

आकाराम हातवारे करून सांगायला लागला आणि मधेच थांबला. ह्याला आत बसवून दाखवायचं सोडून आपण बाहेर बसून सांगतोय, याची त्याला भयंकर चीड आली.

मॅच संपली. अमरसिंह सर मोबाईल हातात घेऊन बाहेर आले. वर्षभरात पहिल्यांदाच ते हसले.

‘‘आभारी आहे, आकारामभाऊ. रिकाम्या गॅलरीचे फोटो आत्ताच वर पाठवले. लोकांनाच नको असेल तर मैदान हलवायला कोण हरकत घेणार?’’

गाडी निघून गेली. वर्षभर जपून ठेवलेल्या शिव्या आकारामनं आता स्वतःलाच घातल्या.

पोरी बाहेर आल्या. आकारामला बघून इरमनं तोंड फिरवलं, आणि मग तिला बाप दिसला.

‘‘अब्बा? आत का न्हाय आलासा?’’

मीरासाबनं आकारामकडं बघितलं.

‘‘मीच सोडलं न्हाय, पोरी,’’ आकाराम म्हणाला.

इरम त्याच्याकडं वळली. ‘‘तीन पेनल्टी कॉर्नर अडवलं, मामा. एक बी टाळी न्हाय.’’ मग तिनं बापाच्या हातातली पिशवी घेतली. ‘‘चला अब्बा, मी कुटं उभी ऱ्हायची ते तरी दावते.’’

पण वॉचमननं तोवर गेटाला कुलूप घातलं होतं. आकाराम धावत गेला आणि गज धरून विनवायला लागला, ‘‘दोन मिंटं उघड बाबा. बाप हाय तिचा.’’

वॉचमन किल्ली खिशात टाकत म्हणाला, ‘‘कुणालाबी आत सोडू नगं म्हणून दुपारधरनं तुमीच वरडत हुतासा की.’’