प्रेबेनला हात करा

विबेके माइक हातात घेते तेव्हा तिच्या आवाजात लोणी असतं. बावीस उन्हाळे मी तिच्या मागे सुकाणू धरून उभा आहे, त्यामुळे त्या लोण्यात सुरी कुठे ठेवलेली असते ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमची होडी उघडी, चपटी, साठ माणसांची. कोपनहेगनच्या कालव्यांतून तासाभराची फेरी, दिवसाला सात. बसणारे बहुतेक दोन रात्रींचे पाहुणे. पायांना फोड आलेले, बिअरच्या भावानं डोळे पांढरे झालेले. एवढ्या महागड्या गावात तासभर बूड टेकायला यापेक्षा स्वस्त जागा नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं.

विबेके अठ्ठावन्नची. मनगटं दोरखंडासारखी, चेहरा उन्हानं भाजलेला. दोन फेऱ्यांच्या मधे उभ्याउभ्याच काळ्या पावावर हेरिंग मासा आणि कच्चा कांदा घालून खाते आणि तोच वास घेऊन पाहुण्यांना राजवाड्याच्या गोष्टी सांगते. जन्म तिचा याच गावातल्या ख्रिश्चनहाउन भागातल्या कालव्यातला, बापानं जुन्या मालवाहू होडीचं घर केलं होतं त्यातला. बाप गेल्यावर आई, आस्ता, तिथं एकटी राहायची. डेकवर कपडे वाळत घातलेले, कुंड्यांत बटाटे लावलेले. पाहुण्यांची होडी आली की म्हातारी हातातलं फडकं हलवून हात करायची. एकही होडी सोडली नाही तिनं. आमची तर नाहीच.

आठ वर्षांपूर्वी होडीघरवाल्यांच्या संघाची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष प्रेबेन. कॉफी झाली, केक झाला, मग त्यानं कागद काढला. कालव्याची शोभा राखायची, पाहुण्यांची पहिली नजर महत्त्वाची, म्हणून गबाळ्या होड्यांनी जागा सोडावी. गबाळी होडी एकच होती. आस्ता केकची बशी मांडीवर घेऊन समोरच बसली होती. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर एकतीस हात वर गेले. त्यातल्या निम्म्यांच्या पोरांना तिनं पोहायला शिकवलं होतं.

त्याच सभेत प्रेबेननं दुसराही नियम मंजूर करून घेतला. पाहुण्यांच्या होडीनं हात केला की रहिवाशानं उलट हात करायचाच. आमचा कालवा प्रेमळ आहे हे दिसायला हवं ना.

आस्ताला वृद्धाश्रमात खोली मिळाली. खिडकीसमोर भिंत. शेवटी शेवटी ती त्या भिंतीलाच हात करायची. दुसऱ्या हिवाळ्यात गेली. तिच्या जागेवर प्रेबेनचं पांढरंशुभ्र, काचेचं होडीघर येऊन उभं राहिलं.

विबेके बरीच वर्षं गप्प होती. यंदाच्या मे महिन्यात, एका फेरीत, काय झालं कोण जाणे, तिनं लोण्यासारख्या आवाजात सांगितलं, "मंडळी, उजवीकडे काचेचं घर बघा. त्यातल्या माणसानं माझ्या आईला पाण्यावरून उचललं आणि भिंतीसमोर नेऊन टाकलं." साठ माना वळल्या. डेकवर प्रेबेनची कॉफी मांडीवर सांडली.

तक्रार आली. आमच्या व्यवस्थापक सुसाननं तिला बोलावलं.

"त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, विबेके. बोललीस तर नोकरी गेली. त्यानं तसं लेखी घेतलंय."

"एकही अक्षर नाही?"

"एकही नाही."

"बरं."

ती जरा जास्तच पटकन बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फेरीत प्रेबेनच्या घराआधीचा पूल आला. "मंडळी, डोकी खाली!" पुलाबाहेर आलो. "आता हात वर! इथला रिवाज आहे, दिसेल त्याला हात करायचा. तो करेपर्यंत सोडायचं नाही." मी यंत्राचा वेग कमी केला.

"काय रे केल्ड, मेलं का यंत्र?" विबेकेनं मागे वळून विचारलं.

"लाटा नकोत गं. लोक कॉफी पितात."

साठ हात हलले. प्रेबेन हसला, त्यानंही हात केला. पुढच्या फेरीला पुन्हा केला. तिसऱ्या फेरीला वर्तमानपत्रामागून केला. आठवडाभरात त्याचं हसू करपलं. आमच्याकडे हिवाळाभर माणसं डेकवरच्या उन्हाची वाट बघतात, आणि या बाबाला त्या उन्हात दोन घास सुखाचे मिळेनात. जेवायला पाहुणे असले तरी काटा खाली ठेव, हात वर कर. एकदा त्यानं पाठ फिरवली तर शेजारची किर्स्टन मोठ्यानं ओरडली, "अरे प्रेबेन, नियम तुझाच की!" आणि आख्खा काठ खिदळला. जुलैत त्यानं पडदे ओढले. भर उन्हाळ्यात काचेच्या घरात पडदे लावून बटाट्यासारखा उकडत बसला.

मग एका सकाळी तो आमच्या धक्क्यावर आला. विबेके खात होती.

"बस कर आता."

"तुझ्याबद्दल बोलले का काही?"

"मी माणूस आहे, पिंजऱ्यातलं माकड नाही! काय हवंय तुला? माफी? घे, मागतो."

"माफी तुझ्यापाशीच ठेव." विबेकेनं पाव खाली ठेवला. "माझ्या आईचं नाव सांग. नुसतं नाव. आत्तापासून बंद करते."

प्रेबेननं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत राहिलो.

"ती... अगं, म्हातारी ती. आम्ही सगळे तिला... एल्सा?"

एवढ्या वर्षांत विबेकेच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नव्हतं. तिनं हात फडक्याला पुसले.

"साडेदहाची फेरी सुटतेय. बाजूला हो."

पूल मागे गेला. पडदे ओढलेलेच होते. प्रेबेन काठावरच्या पायवाटेनं धावतपळत आमच्या आधी घरात शिरला होता, दार आपटल्याचं मी ऐकलं होतं.

"हात वर, मंडळी!" लोणी जसंच्या तसं. "आज एक नवीन. इथं एक बाई राहायची, प्रत्येक होडीला हात करायची. आपणही तिला हात करू आणि मोठ्यानं हाक मारू. माझ्यामागून म्हणा. आस्ता!"

"आस्ता!" साठ जण ओरडले. काच थरथरली.

मी यंत्र बंदच केलं. होडी त्या घरासमोर तरंगत राहिली.

"ऐकू गेलं नाही वाटतं," विबेके म्हणाली. "पुन्हा."

दिवसाला सात फेऱ्या. हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. होईल त्याला नाव पाठ.