लीद पडली की फोन करा

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से लिदीसारखे जमतात. एक उचलून होत नाही तोवर दुसरा पडलेला! मी तिथल्या लॅबमध्ये असते. घोडे, गाढवं, खेचरं यांची लीद मायक्रोस्कोपखाली धरायची आणि जंतांची अंडी शोधायची, हे माझं काम. सासरचे लोक पाहुण्यांना "सूनबाई लॅबमध्ये आहे" एवढंच सांगतात. बरंच करतात.

*

बाळंतपणाची रजा संपवून परतले, त्याच दिवशी कोहक्याचा एक कुंभार टेबलावर मिठाईचा डबा ठेवून गेला. मुलगी झाल्याचे पेढे मीच आणलेत असं समजून अख्खा स्टाफ जमला. आमचे अटेंडंट खोब्रागडे काका. त्यांनी झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि शांतपणे म्हणाले, "गाढवीचे आहेत. कोणाले पाहिजेत?"

*

माझी ओवी रांगायला लागली, तशी माझी भीती वाढली. हात तीनदा धुवायचे, ओढणी बदलायची, तरी तिला उचलताना धाकधूक. एक दिवस डॉक्टर सर वैतागले. "अहो, घोड्याचे जंत आहेत हे. माणसाच्या पोटात नाही टिकत."

"हो सर. पण हे त्यांना माहीत आहे ना?"

*

एकदा ओवीला तापात घरी ठेवून कामावर गेले होते. रिपोर्टवर लिहिलं, 'नाव ओवी, वय दीड वर्ष, जात खेचर.' सरांनी सहीसुद्धा केली! काकांनी कागद हळूच परत आणून दिला.

"मॅडम, खेचराचा बाप गाढव असते. ओवीच्या पप्पाले नका दाखवू."

हसता हसता मला रडूच आलं.

*

वीटभट्टीवरच्या एका माणसाला एका खेचरापुरतं जंताचं औषध दिलं होतं. त्यानं ते चौघांना वाटलं. "भाऊ-भाऊच आहेत सर, एकट्याले कसं पाजू?"

सर हसले नाहीत. "अर्धवट औषधानं कमजोर जंत मरतात. तगडे उरतात, आणि पुढच्या वेळी ते औषधाला जुमानत नाहीत."

त्या माणसानं मान डोलावली. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या ठेकेदारासारखे!"

*

आणि सुपेल्याचे पुंडलिकभाऊ. वरातीची घोडी आहे त्यांची. तिचं चार महिन्यांचं शिंगरू, छकुली, ते घेऊन आले. केस राठ, पोट टम्म. भाऊ मात्र खुशीत, "पाहा मॅडम, दूध कसं अंगी लागून राहिलं!"

मी पाहिलं. अंडीच अंडी.

सर म्हणाले, "जंत फार आहेत. सगळे एकदम मेले तर आतडं तुंबेल, पिल्लू हातचं जाईल. सौम्य औषध देतो. पण धोका आहेच."

मी माझा नंबर लिहून दिला. "लीद पडली की फोन करा."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारपर्यंत फोन नाही. शेवटी मीच लावला.

"नाही जी अजून. लोळून राहिली." संध्याकाळी एक वरात होती, तिथे भाऊंनी सकाळीच निरोप धाडला होता, 'घोडी येत नाही, घरी पोरगी सिरियस आहे.' तो ऐकून नवरदेवाची आई हळदीच्या अंगानं, केळी आणि ग्लुकोजचा पुडा घेऊन दारात हजर! "कुठं आहे पोरगी?" भाऊंनी मान खाली घालून तबेला दाखवला.

"मग हो?"

"लय बोलल्या. 'माझा पोरगा काय पायी जाईन?' म्हणे. अजून इथंच आहेत, छकुलीच्या अंगावरून हात फिरवून राहिल्या." फोन कटला.

चारच्या सुमारास ओवीला वरण-भात भरवत होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडे भाऊंना बोलताच येईना. मागे कुणीतरी हुंदके देऊन रडत होतं. घास माझ्या हातातच राहिला.

"भाऊ, काय झालं?"

"पडली मॅडम, लीद पडली! जंतांचा नुसता गुंता! छकुली उभी राहिली, दूध पिऊन राहिली!"

"मग रडतंय कोण?"

"नवरदेवाची आई."