जॉन जोचं फाटक आणि नियम क्रमांक सात

चंद्रहास उकिडवे ॲथलोनला नोकरी करतो, पण ती सोमवार ते शुक्रवार. खरा चंद्रहास बघायचा तो रविवारी. गळ्यात शिट्टी अडकवली की या माणसाचा आवाजसुद्धा बदलतो. 'चला मंडळी' या त्याच्या ट्रेकिंग ग्रुपात बावीस मराठी माणसं आहेत, आणि आयर्लंडमधला प्रत्येक डोंगर तो त्यांना सिंहगडात मोजून सांगतो. ट्रलीजवळचा पावणेदोन सिंहगड, विकलोमधला एक सिंहगड आणि वर थोडी पर्वती. "अरे, नागपूरच्या माणसाने काय समजायचं यातून?" असं त्याची बायको पद्मिनी विचारते. पण ऐकेल तर तो चंद्रहास कसला!

त्याची हौस एकच, सगळ्यांच्या पुढे चालायचं. पुण्यात कॉलेजच्या ट्रेकला हा कायम शेवटचा असे आणि ते त्याला फार लागलं होतं. म्हणून इथे ग्रुप काढला तोच मुळी पुढे चालण्यासाठी. शिवाय अकरा पानांची नियमावलीही काढली. ती वाचण्यापेक्षा डोंगर चढणं सोपं, असं सगळ्यांचं मत होतं.

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात बरन शिरलं. क्लेअर काउंटीतला हा सगळा मुलूख राखाडी खडकाचा. झाड औषधालाही नाही. तिथल्या एका टेकडीवरून म्हणे समुद्र आणि खालचं तळं दोन्ही एकदम दिसतात. पण वाट जॉन जो नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणातून जायची. कुणाच्या तरी कुत्र्याने गाईंना पळवल्यापासून त्याने ती बंद करून 'प्रवेश नाही'ची पाटी ठोकली होती. चंद्रहास तीन शनिवार त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. चहा प्यायला, पावसावर बोलला, चकल्यांचा डबा रिकामा करून आला. शेवटी म्हातारा विरघळला. म्हणाला, "एक रविवार या. सगळं ग्रँड, म्हणजे ठीकठाक, झालं तर पाटी काढतो. सगळ्यांसाठीच काढतो." त्या रात्री चंद्रहासला झोप लागली नाही. आपल्यामुळे एक वाट उघडणार! नऊ वर्षांत या देशात त्याने इतकं मोठं काही केलं नव्हतं.

ग्रुपवर त्याने जाहिरात टाकली, 'दगडी वाळवंटातला ट्रेक'. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तिघं सनस्क्रीन फासून आले आणि एक जण डोक्याला उपरणं गुंडाळून. पाऊस आडवा येत होता.

फाटकाशी चंद्रहासने नियम क्रमांक सात मोठ्याने वाचून दाखवला: 'फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत ठेवावे.' मग कडी काढली, आत शिरला आणि पुढे सुटला. पाठीवर भेळेच्या चुरमुऱ्यांची भलीमोठी पिशवी होती. चुरमुरे तो कधी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

आता जगात सगळीकडे हिवाळ्यात गुरं डोंगरावरून खाली आणतात, बरनमध्ये मात्र वर चढवतात. तिथला खडक ऊब धरतो म्हणे. तर जॉन जोच्या अठरा गाई फाटकाच्या आत, वरच होत्या.

अर्ध्या चढावर चंद्रहास दम खायला थांबला, म्हणजे त्याच्या भाषेत 'निरीक्षणाला'. खाली, फाटकाबाहेरच्या गल्लीतून, कुणीतरी एका ओळीत चाललं होतं. रेंगाळणं नाही, फोटो नाहीत.

"बघा, बघा! याला म्हणतात शिस्त," तो म्हणाला. "कुठला ग्रुप आहे कोण जाणे."

"जॉन जोचा," पद्मिनी म्हणाली. "गाई आहेत त्या."

चंद्रहासच्या तोंडचं पाणी पळालं. "गेट कोणी उघडं ठेवलं?"

"मी," सगळ्यांत मागे असणारी अलकनंदा म्हणाली. पोरगी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. "चंद्रहासदादा, मला ते उघडंच सापडलं. म्हणून उघडंच ठेवलं. नियम सात."

"अगं, पण मला बंद सापडलं होतं!"

"हो, पण तुम्ही तर ठेवलंत उघडं. म्हणजे नियम तुम्ही मोडलात, आम्ही एकवीस जणांनी पाळला."

यावर तिथेच चर्चासत्र सुरू झालं. कुणी म्हणालं, सुरुवातीची स्थिती कोणती धरायची ते नियमात स्पष्टच नाही. चंद्रहास मात्र धावत सुटला होता.

खाली जॉन जो हात पसरून गल्लीत उभा होता. मागे मोठा रस्ता. चंद्रहास गाईंना वळसा घालून त्याच्यापाशी पोचला आणि माफी मागायला पाठीवरची सॅक उतरवली. आतली पिशवी चुरचुरली. अठराच्या अठरा माना वळल्या. हिवाळ्यात जॉन जो खुराक असल्याच पिशवीतून आणतो, हे चंद्रहासला काय ठाऊक! तो सॅक घेऊनच दोन पावलं मागे सरला, गाई दोन पावलं पुढे. तो वळून भरभर चालू लागला, गाईही. मग त्यांना पुन्हा वळसा घालून त्याने फाटकाकडे जी धूम ठोकली, तशी कॉलेजात ठोकली असती तर कधीच शेवटचा आला नसता. तो आत, गाई आत, आणि जॉन जोने शांतपणे फाटक लावलं. चंद्रहास आतच राहिला. चुरमुरे गाईंनी खाल्ले. मंडळींनी वर कांदा-शेवेची भेळ खाल्ली.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," पद्मिनी म्हणाली. "तुझ्या तर अठरा गाई."

परतताना चंद्रहास मान खाली घालून जॉन जोपुढे उभा राहिला. वाट गेली, असं तो धरूनच चालला होता. म्हाताऱ्याने खूप वेळ पाइप झटकला.

"पाटी काढतो," तो म्हणाला. "पण अट आहे. तू सगळ्यांत मागे चालायचं आणि फाटक तू लावायचं. पुढे कुणीही चालेल."

चंद्रहासला रडू यायचंच बाकी राहिलं. नको ती वाट, असंही मनात येऊन गेलं. पण मान हलली ती होकारार्थी.

डिसेंबरात तो फाटक धरून उभा राहिला. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात तसं एकेक जण त्याला "थँक्यू" म्हणत आत गेला. पुढे असताना त्याला कधी कुणाचं तोंडच दिसलं नव्हतं. अलकनंदा उजव्या पायाने किंचित लंगडते, हेही त्याला त्या दिवशी कळलं. शेवटचा माणूस गेल्यावर त्याने कडी घातली आणि दोनदा हलवून पाहिली. मग वर बघितलं. पुढे जायचं सोडून सगळी मंडळी चढाच्या तोंडाशी पावसात उभी होती.

"काय झालं?" तो ओरडला.

"काही नाही," अलकनंदा म्हणाली. "तुम्ही यायचे होतात."