शेवटचे चाळीस गेट

प्रयोगशाळेत तिला सगळे 'रेघवाली' म्हणत. चिपवर घड्याळाचे ठोके वाहून नेणाऱ्या तारा आखायच्या, हे तिचं काम. या चिप द्रव हेलियमच्या टाकीत, कमालीच्या थंडीतच चालतात. वीज अगदी नावापुरती लागते. पण प्रत्येक गेटपर्यंत, म्हणजे चिपवरच्या इवल्याशा स्विचपर्यंत, ठोका सारख्याच जोराने पोचावा लागतो.

नेमकं तेच बिनसलं. पहिल्या चिपवरचे शेवटचे चाळीस गेट ढिम्म हलेनात.

"गेटच कच्चे आहेत," विभागप्रमुख म्हणाले.

"नाही सर. तार गेटांवरून जाते तिथे तिचा इम्पीडन्स, लाटेला होणारा विरोध, उतरतो. बाहेरच्या केबलशी तो जुळत नाही, म्हणून ठोक्याची थोडी लाट मागे फिरते. मग ठोका कुठे जोरात, कुठे नुसता नावाला."

"खात्री आहे?"

"तेवढ्या भागात तार अरुंद करून बघू दे. एकदाच."

त्यांनी होकार दिला, पण तिच्या गटातल्या बाकी चौघांना दुसऱ्या कामावर धाडलं. पाच टेबलांच्या खोलीत ती एकटी उरली. तारेचा तुकडा न् तुकडा तिने नव्याने मोजला, आखला. नकाशा कारखान्यात गेला. चिप यायला आठ महिने.

घरी आई होती. जेवताना विचारायची, "लागली का गं तुझी रेघ मार्गी?" सहाव्या महिन्यात आई गेली. चौथ्या दिवशी ती कामावर हजर झाली. घरी बसून करणार काय?

चिप आली. सकाळी अकराला तिने ती टाकीत सोडली आणि पडद्याकडे बघत राहिली. चाळीसच्या चाळीस गेट बोलले. तिने पुन्हा मोजलं. तेच.

"चाललं वाटतं," टाकी भरायला आलेला हेलियमवाला म्हणाला.

"हो."

"छान. हेलियम दोनपर्यंतच पुरेल, बरं का." तो निघून गेला.

प्रमुखांना कळवलं. उत्तर आलं: उत्तम, अहवाल पाठवा. मग तिने भावाला फोन लावला.

"दादा, माझी चिप चालली."

"अरे वा. आईचं कपाट कधी आवरायचं गं?"

"रविवारी ये. दोघं मिळून आवरू."

"बघतो, जमलं तर."

दोनपर्यंत तिने आणखी दोन चिप तपासल्या. दोन्ही चालल्या.

रविवारी बाराला दादाचा निरोप आला, जमत नाही. तिने एकटीनेच कपाट उघडलं, आईच्या कपड्यांच्या घड्या घालून पिशव्या भरल्या. खालचा कप्पा मात्र त्याच्यासाठी तसाच ठेवला.