मशीन बिघडली नव्हती
पेटीच्या तळाशी माझी पहिली रेकॉर्ड सापडली, दोन गाण्यांची, पापडासारखी वाकलेली. बहिणीच्या लग्नात वाजवायला मी ती हौसेने बल्लारपूरहून आणली आणि बैलगाडीवर उन्हात विसरलो. लाउडस्पीकरवाल्या भाऊंनी ती लावली, तर भोंग्यातून गाणं हेलकावे खात निघालं. वऱ्हाडी हसले, "भाऊ, तुमची मशीन मोहाची पिऊन आली का जी?" अशाच मांडवांत भाऊंना पुढची कामं मिळत. त्यांनी रेकॉर्ड पाहिली, मग माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, "हो बाप्पा, मशीनच बिघडली." मी रेकॉर्ड उचलून पेटीच्या तळाशी लपवली. त्या हंगामात त्यांना कोणी बोलावलं नाही. आज त्यांच्या मुलाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मालूम हाये जी. बाबा सांगत, पोट्ट्याची पयलीच रेकॉर्ड होती."