भंडारदऱ्याचा बेत

तलवाड्याच्या शाळेत वनमालाबाई मुलींना खो-खो शिकवायच्या. भंडारदऱ्याला दोन दिवस जायचं, तंबूत राहायचं, दोरावरून कडा उतरायचा, असा बेत त्या दर हिवाळ्यात आखायच्या. नवरा विजयसिंह साखर कारखान्यात होते. हिवाळ्यात ऊसगाळपाचा हंगाम, मग रजा कुठली? "पुढच्या साली जाऊ," असं ते म्हणायचे आणि बेत तिथंच राहायचा.

दोघंही निवृत्त झाल्यावर, गेल्या डिसेंबरात, विजयसिंहांनीच बुकिंग केलं. कड्यावरून खाली बघताना बाईंना जराही भीती वाटली नाही. त्या सावकाश, न अडखळता उतरल्या. "आधी कुठं शिकलात?" दोर धरणाऱ्या प्रशिक्षकानं विचारलं. "कुठंच न्हाई," त्या हसून म्हणाल्या.

संध्याकाळी तंबूबाहेर चहा पिताना मात्र त्या गप्पच होत्या.

"कावून गप्प? पाय दुखतेत का?" विजयसिंहांनी विचारलं.

"न्हाई. तवाच आले असते, तर शाळेतल्या पोरींना दर साली इथं आणलं असतं. लई धीट होत्या हो पोरी. आता समद्या आपापल्या संसारात."

"मी तुला एकटीला जा म्हणायला पायजे होतं."

"मीबी कधी इचारलं न्हाई," बाई म्हणाल्या.