पॉलिशवाल्या बाईंचा ड्रम

बाई बोलायला लागल्या की आधी दोन्ही पंजे समोरच्याच्या नाकापुढे धरायच्या. "पाह्य बरं नीट. हाये का काही इथी?"

नसायचंच काही. बोटांची टोकं गुळगुळीत, चमकदार, नव्या साबणाच्या वडीसारखी. रेषा नाहीत, अंगठ्यावरचं चक्र नाही. बावीस वर्षं लाकडावर पॉलिश पेपर घासला होता त्यांनी. लाकडाबरोबर बोटंही घासली गेली.

राजुऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. समोरच्या शेडमध्ये पाट आणि पोळपाट बनायचे, आणि आठ बाया दिवसभर मांडी घालून ते घासत बसायच्या. बाई त्यांच्यात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात तापट. तुम्ही कधी नव्या पाटावरून हात फिरवला असेल, तर तो गुळगुळीतपणा कुणाच्या तरी बोटांतून आलाय हे तुमच्या डोक्यातही आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं, आणि माझं दुकान तर समोरच होतं.

एकदा रेशनच्या रांगेत मी त्यांच्या मागे होतो. दुकानदारानं त्यांचा अंगठा मशीनवर ठेवायला लावला. जुळला नाही. दुसरा अंगठा. मग एकेक करत दहाही बोटं.

"बाई, घरून हात धुवून येत जा ना."

"धुतलेच हायेत."

"मंग मी काय करू? मशीन तुमाले ओळखून नाई राह्यली."

"मशीन नाई ओळखत. तू त ओळखतं ना बे? तुह्या लग्नातले पाट म्याच घासले!"

रांग हसली. मीही हसलो. त्या हसण्याची आज मला चीड येते, कारण बाई त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन घरी गेल्या, आणि पुढच्या महिन्यातही. शेवटी सुनेच्या अंगठ्यावर त्यांचं धान्य सुटलं. आपण घरात आहोत हे आता सुनेनं सांगायचं, या गोष्टीनं त्या अशा पेटल्या की आठवडाभर त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहिलं नाही.

मग एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. "एक मोटर दे मले. पॉलिशची मशीन बनवतो मी. त्या सात जणींच्या बोटाले अजून रेघा हायेत."

कागदावर काही काढलेलं नव्हतं, सगळं डोक्यात. प्लायवूडच्या गोल चकत्या एका दांड्यावर चिकटवून त्यांनी ड्रम बनवला आणि त्याला पॉलिश पेपरची पट्टी तिरपी गुंडाळली. जुन्या पीठगिरणीची जळलेली मोटर मी नवी तार भरून दिली. पहिल्याच दिवशी मी तारा उलट्या जोडल्या, ड्रम उलटा फिरला आणि फळी बाईंच्या हातातून सुटून माझ्या शटरवर आदळली.

"मारतं का बे मले!" बाईंनी अख्ख्या गल्लीसमोर मला झापलं.

तारा सुलट केल्या, तरी फळी जळायची. ढकलताना हात जरा थबकला की ड्रम तिथेच खड्डा पाडायचा. "हातच नाई पाह्यजे मधात," बाई म्हणाल्या. खाणीच्या भंगारातला रबरी पट्टा त्यांनी आणला, थर सोलून पातळ केला, दोन रुळांवर ताणला. तो ओढायला ट्रकच्या वायपरची मोटर लावली. आता फळी मुंगीच्या चालीनं आपली आपण आत जायची आणि पलीकडून गुळगुळीत होऊन यायची. बोटांना तर काही कळायचं नाही, म्हणून बाईंनी पहिली फळी उचलून गालाला लावली.

मशीन शेडमध्ये नेताना त्यांनी मालकाला एकच अट घातली, आठही बाया कामावर राहतील. मालकानं पोरांची शपथ घेतली. पंधराव्या दिवशी त्यानं पाच जणींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

बाईंनी तिथल्या तिथे पाना घेऊन ड्रम खोलला.

"माह्या शेडमधली मशीन हाये ते!" मालक ओरडला.

"शेड ठेव तुह्यापाशी," म्हणून ड्रम खांद्यावर टाकून त्या रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या दुकानात ठेवला. मालकाला पाचही जणींना परत बोलवावं लागलं. पुन्हा हातानं घासणं सुरू झालं. बाई चडफडायच्या, "पोट भराचं असन त बोटं द्या. काऊन बे? दोन्ही काऊन नाई भेटत?"

इथून पुढे मालकाला शिव्या देऊन मला सुटता येत नाही. महिन्याभरानं तो माझ्याकडे आला. "तुले त सगळं माहीत हाये. तशीच एक बनवून दे."

मी बनवून दिली. बाईंच्या मशीनपेक्षा चांगली, लोखंडी ड्रमची. मी नाही तर चंद्रपूरचा कुणीतरी देईलच, असं मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलंही नव्हतं. शेडमध्ये दोघी उरल्या. सहा गेल्या, त्यांत बाई.

मी शिव्यांची वाट पाहत बसलो. बाई आल्या आणि कोपऱ्यातला आपला ड्रम उचलला.

"बाई, मी..."

"तुमी तुमचा धंदा केला. तुमचं काही चुकलं नाई."

इतक्या वर्षांत त्या मला कधी 'तुमी' म्हणाल्या नव्हत्या.

पुढे कळलं, त्या जिवतीकडे भावाच्या गावी राहायला चालल्या आहेत. भाऊ तिथे सुतारकाम करतो. मी स्टँडवर गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर चादरीत गुंडाळलेला ड्रम. कंडक्टर म्हणत होता, "याचं लगेज तिकीट लागन, बाई."

"लगेज काय बे? मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेतं का तू?"

अख्खी बस वळून पाहू लागली. बाईंची नजर खिडकीबाहेर माझ्यावर आली, तशीच सरकली आणि पुन्हा कंडक्टरवर गेली. गाडी सुटली, फाटकाबाहेर वळली, तरी त्यांचा आवाज येतच होता. "काऊन देऊ बे? तुह्या बापाचा हाये का ड्रम?"

त्या कंडक्टरचा मला हेवा वाटला.